ग्वाल्हेरला कळता कामा नये

मुजुमदार सरांच्या दाराची कडी वाजवली की आतून आधी प्रश्न यायचा, "ग्वाल्हेरहून तर नाही ना आलात?" नाही म्हटलं तरी दार अर्धंच उघडायचं आणि फटीतून एक डोळा आपल्याला नखशिखांत न्याहाळायचा.

सर इंदूरच्या तुकोगंजात आमच्या शेजारी राहत आणि कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत. मध्यभारत राज्य नवं होतं. राजधानी थोडे महिने इंदूरला, थोडे महिने ग्वाल्हेरला. हे सरांच्या जिव्हारी लागलेलं. "अर्धी राजधानी नेली भिया त्यांनी. आता माझा जीव नेतील."

जीव म्हणजे प्राण नव्हे, प्राणी. तोही समुद्रातला. इंदुरात समुद्र कुठला, असं कुणी म्हटलं की सर खूष होत. "इसीलिए तर कोणाला शक येत नाही."

रत्नागिरीचा एक जुना विद्यार्थी त्यांना पार्सलने शिंपले पाठवी. त्यातल्या एकावर पांढरी खपली होती. मला ती चुन्याचा डाग वाटली. सरांनी सूक्ष्मदर्शकाखाली धरली, तर शेकडो इवल्या खोल्या, प्रत्येकीत एक जीव, प्रत्येक दाराला झाकण आणि झाकणाभोवती काटे. "हे असे काटे दुसऱ्या कुठल्याच जातीत नाहीत. ही नवीच जात, नाव मी ठेवणार. माझा लेख छापून येईपर्यंत तोंड बंद. दुसऱ्याने आधी छापलं की नाव त्याचंच राहणार, समजलं ना?"

दूधवाल्याने "साब, ये बास काहे की?" एवढंच विचारलं, तर सरांनी त्याचं दूध बंद केलं. पोस्टमन हेर ठरला. पण खरा संशय आमच्या हिच्यावर, कारण हिचं माहेर ग्वाल्हेरचं. ही रोज सकाळी पोह्यांची बशी घेऊन गेली की सर घाईघाईने शिंपल्यावर टोपी घालत.

शेवटी ही वैतागली. अंगणात मुद्दाम मोठ्याने म्हणाली, "माझ्या माहेराला उठता-बसता नावं ठेवतात. त्या किड्याचं एक नाव काही ठेवून होत नाही."

दुपारी सर दारात हजर. इस्त्रीचा कोट, हातात डबी. मला वाटलं, आता भांडण.

"वहिनी, उद्या लेख टपालात टाकतोय. नाव ठरलंय," ते खाली बघत म्हणाले. "पण बारशाला नाव आत्या सांगते. माझी बहीण लहानपणीच गेली. दुसरं कोणी नाही. तुमच्यावर मी शक घेतला, पण पोहे रोज खाल्ले."

"ग्वाल्हेरची आत्या चालेल?" हिने विचारलं.

"चालेल. एकट्याने नाव ठेवायचं जिवावर येतं."

सरांनी नाव हिच्या कानात सांगितलं. हिने पदर सावरला, डबीवर वाकून ते त्या शिंपल्याला सांगितलं. आत्याच्या पाठीत धपाटे घालायला बायका नव्हत्या, ते काम मी केलं. मग विचारलं, नाव काय?

"तुम्हाला कसं सांगू, भिया? तुमची सासुरवाडी ग्वाल्हेरची," सर म्हणाले. हिनेही हसून डबीचं झाकण घट्ट लावलं.

संध्याकाळी हिने घुगऱ्या केल्या. सर पहिल्यांदाच आमच्याकडे पाटावर बसले. सावकाश खाल्ल्या, मग रिकामी वाटी पुढे करून हळूच म्हणाले, "आत्याबाई, अजून थोड्या वाढता?"