हलकीफुलकी सात अ‍ॅपं

मुलाखतीला दोन दिवस उरले असताना छकुलीच्या आईला कळलं, की तिच्या लॅपटॉपवर ‘पाठवा’ हे बटणच नाही. म्हणजे बटण होतं, पण ते स्क्रीनच्या खालच्या कडेच्याही खाली, साधारण पलंगाच्या गादीत कुठेतरी असावं. नणंदेने वापरून दिलेला हा लॅपटॉप जेमतेम दहा इंची. त्यात ऑनलाइन मुलाखतीतल्या परीक्षेचं नमुना पान उघडलं की दहा ओळी दिसायच्या आणि उरलेलं पान आहे असं समजून चालायचं.

छकुली नऊ महिन्यांची. तिच्या जन्माआधी आई छापखान्यात मुद्रितं तपासायची. आता पाठ्यपुस्तकं काढणाऱ्या एका प्रकाशनाला घरून काम करणारं माणूस हवं होतं. ही नोकरी तिला इतकी हवी होती, की ‘घरी कामासाठी शांत, स्वतंत्र जागा आहे’ हे वाक्य तिने अर्जात बेधडक लिहून टाकलं होतं. शांत, स्वतंत्र जागा म्हणजे पलंगाचा खिडकीकडचा कोपरा, तोही छकुली झोपली असेल तेवढा वेळ.

बटणाचं दुखणं तिने धाकट्या दिरांना सांगितलं. भावोजी लिफ्ट दुरुस्त करत, पण त्यांचा जीव लहानलहान अ‍ॅपांत.

“वहिनी, दुखणं वजनाचं आहे,” ते म्हणाले.

“माझ्या?”

“लॅपटॉपच्या हो! एवढ्याशा मशिनला जड काही सोसत नाही. हलकं द्यायचं. हे बघा, दीडशे केबी! छकुलीच्या एका फोटोपेक्षाही कमी!”

केबी सांगताना त्यांचा आवाज सोनाराच्या काट्यासारखा नाजूक व्हायचा. तासाभरात त्यांनी अशी सात अ‍ॅपं घातली. एक खालची पट्टी लपवायचं. दुसरं कळ दाबून धरली की खिडकी वर ढकलू द्यायचं. एकाने अक्षरं बारीक झाली, ती इतकी, की पानावर मुंग्या आल्यासारख्या वाटल्या. एक अ‍ॅप वाचायच्या सोयीसाठी अख्खा स्क्रीन आडवा फिरवायचं, आणि त्याच्या जोडीने कॅमेराही. पण भावोजींचं खरं लाडकं होतं बाळकुलूप.

“बाळाने पंजा मारला की की-बोर्ड आपोआप बंद!”

“आणि उघडायचा कसा?”

“खिडकी येते. त्यात ‘उघडा’ असं बटण असतं. बाळाला कुठे वाचता येतंय?”

सासूबाई दारातून बघत होत्या. “सगळी हलकी, ते ठीक आहे रे. पण एवढी जणं त्या एवढ्याशा घरात राहणार कशी?”

“आई, तुला नाही कळायचं.”

मुलाखत अकराची. त्या दिवशी साडेदहाला आई शेवटचा सराव करत असताना छकुली रांगत आली, लॅपटॉपपाशी थांबली आणि तिने दोन्ही पंजे एकदम आपटले. डाव्या पंजाने स्क्रीन फिरला. उजव्याने की-बोर्डला कुलूप लागलं. छकुली खुदकन हसली.

आईने मान खांद्याला टेकवून पाहिलं. ‘उघडा’ बटण दिसत होतं, पण डाव्या कडेला, कलंडलेलं. टचपॅडवर बोट वर नेलं की बाण आडवा पळायचा. तिने घाईघाईने फोन लावला. भावोजी कुठल्याशा लिफ्टच्या बोगद्यात होते; त्यांचं प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू येत होतं.

“कंट्रोल, ऑल्ट आणि वरचा बाण दाबा, स्क्रीन सरळ!”

“की-बोर्डला कुलूप आहे.”

“मग आधी कुलूप काढा.”

“बाण नेऊ तिथे जात नाही. भलतीकडेच पळतो.”

“स्क्रीन फिरलाय ना, म्हणून. आधी तो सरळ करा.”

“त्याला की-बोर्ड लागतो!”

“म्हणजे दोन्ही अ‍ॅपं अगदी बरोबर चालताहेत,” भावोजी समाधानाने म्हणाले, दोनदा.

“बंद करून परत चालू कर,” सासूबाईंनी सुचवलं.

“आई, चालू व्हायला पाऊण तास लागतो,” सून म्हणाली. “सातही जणं एकेक करून उठतात.”

“मग लॅपटॉपच कुशीवर उभा कर.” त्यांनी तो पुस्तकासारखा उभा केला. तो पुस्तकासारखाच मिटला. डब्याला टेकवला, तर डब्यासकट घसरला. शेवटी बिचारा पलंगावर होता तसा ठेवला, तेव्हा अकराला दहा कमी होते, आणि नेमकी तेव्हाच छकुलीला भूक लागली. तिची भूक वाट बघणारी नव्हती, आणि दूध तिला आडवं पडूनच लागायचं.

“पी बाई,” आई म्हणाली. “निदान तुझं तरी पोट भरू दे.” ती उजव्या कुशीवर आडवी झाली, छकुलीला जवळ घेतलं, वर शाल ओढली. डोळ्यांत पाणी जमायला लागलं होतं. ते पुसून तिने समोर पाहिलं, आणि बघतच राहिली.

स्क्रीन सरळ होता.

नुसता सरळ नव्हे, उंच होता. वरच्या शीर्षकापासून तळाच्या ‘पाठवा’पर्यंत अख्खं पान, भिंतीवर टांगावं तसं समोर होतं. बाण अजून भलतीकडे जात होता; पण नऊ महिन्यांच्या मुलीची आई घरात ज्या कामाला निघते तिथे थेट कधीच पोचत नाही, त्यामुळे तिला त्यात नवीन काही वाटलं नाही. तीन प्रयत्नांत तिने ‘उघडा’ गाठलं. की-बोर्ड उघडला. आता स्क्रीन सरळ करता आला असता. बोटं त्या तीन कळांपर्यंत गेली, आणि तिने ती मागे घेतली.

अकराच्या ठोक्याला मुख्य मुद्रितशोधक मॅडम स्क्रीनवर अवतरल्या. चष्मा कपाळावर, ओठ मिटलेले. कॅमेराही फिरलेला असल्याने त्यांना समोर एक नीटनेटकी बाई ताठ बसलेली दिसत होती.

“खुर्ची छान आहे तुमची. उंच पाठीची.”

“हो, मऊ आहे,” आई उशीवरून म्हणाली.

“जागा शांत दिसते.”

“आत्तापुरती तरी.” शालीखालून मचमच असा आवाज आला. आई खोकली.

“घरात वारा फार आहे का हो? मागचा पडदा चक्क आडवा उडतोय.”

“खिडकी... खिडकी मोठी आहे.”

“पान पाठवलंय. वीस मिनिटं. चूक दिसेल तिथे खूण करायची.”

तिने काम सुरू केलं, आणि वर्षभराने तिचे डोळे जुन्या वाटेवर धावले. एक, दोन, पाच, नऊ, अकरा. डावा हात थापटत होता, मग खूण करत होता, मग परत थापटत होता. तेवढ्यात सासूबाई चोरपावलांनी आल्या, कपाटातून लंगोट घेतला आणि तशाच चोरपावलांनी गेल्या.

मॅडमनी चष्मा डोळ्यांवर घेतला. “आत्ता तुमच्या भिंतीवरून कोण चालत गेलं?”

“सासूबाई.”

“अस्सं,” मॅडम म्हणाल्या, आणि त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

आईने बारावी खूण केली आणि ‘पाठवा’ दाबलं. ते पहिल्या फटक्यात दाबलं गेलं.

मॅडम तपासू लागल्या. मध्येच थांबल्या. “आम्ही या पानात अकरा चुका पेरल्या आहेत. तुमच्या बारा झाल्या.”

“बारावी सगळ्यात वर आहे. पहिल्या ओळीत म्हटलंय, खालील पाच कृती करा. खाली चारच आहेत.”

मॅडमनी पान वर नेलं, खाली आणलं, पुन्हा वर नेलं. बोटांवर मोजलं. “सहा वर्षं हे पान मी परीक्षेला देते,” त्या हळूच म्हणाल्या. “तळ दिसेपर्यंत माथा निघून जातो. तुम्हाला कसं दिसलं? अर्जात तर दहा इंची लॅपटॉप लिहिलाय.”

आता खोटं बोलायला जीव उरला नव्हता. “मॅडम, अख्खं पान एकदम दिसतंय मला. कारण स्क्रीन आडवा आहे. आणि मीही आडवीच आहे. मुलगी दूध पितेय. शांत जागेचं मी जरा वाढवून लिहिलं होतं.”

मॅडमनी मान उजवीकडे झुकवली, मग डावीकडे. पडदा खाली लोंबला, कपाट उभं राहिलं, खुर्चीची उशी झाली. त्यांचे मिटलेले ओठ एका कोपऱ्यातून सुटले.

“झोपली का?”

“आत्ताच.”

“मग मी हळू बोलते,” मॅडम कुजबुजल्या. “सोमवारपासून कामाला लागा. आणि बसायचा आग्रह नाही बरं का. आहात तशाच राहा.”

मॅडमची स्क्रीनवरची खिडकी बंद झाली. आईला ओरडायचं होतं, पण छातीशी छकुली गाढ झोपली होती. उजवा हात तिच्या डोक्याखाली बधिर झाला होता, डाव्याचं एक बोट छकुलीने मुठीत आवळून धरलं होतं. सासूबाईंनी दारातून भुवया उडवून विचारलं, काय झालं?

मोकळी होती ती फक्त पावलं. छकुलीच्या आईने शालीबाहेर ती काढली, आणि दहाही बोटं एकदम नाचवली.