वामनरावांमुळे पडणारा फरक

नगरपालिकेच्या हद्दीत साठी ओलांडलेल्या कोणत्याही माणसामुळे काही फरक पडत नाही, असं गृहीत धरलं जाई. पडत असेल, तर ते घरच्यांनी आकडेवारीनिशी सिद्ध करायचं असे. वामनराव चिरमुल्यांची नोटीस आली तेव्हा त्यांनी ती दोनदा वाचली आणि म्हणाले, "बरोबरच आहे की. मी काय करतो दिवसभर?"

"गप्प बसा हो," प्रभाताईंनी नोटीस त्यांच्या हातातून काढून घेतली.

सिद्ध झालं नाही तर काय होतं, हे साऱ्या पेठेला ठाऊक होतं. कोणी हाकलत नसे, टाकून बोलत नसे. माणूस फक्त हिशेबात धरला जात नसे. शेजारच्या आबा ढवळ्यांचं गेल्या वर्षी सिद्ध झालं नव्हतं. ते हल्ली पोस्टाच्या कोपऱ्यावर उभे असत आणि लोक त्यांना सायकली टेकवून आत जात. आबांची काही तक्रार नव्हती, आणि तेच प्रभाताईंना बघवत नव्हतं.

त्यांनी वरच्या मजल्यावरच्या कॉलेजकन्येकडून संख्याशास्त्राचं पुस्तक मागून आणलं आणि कंबर कसली. सराव गवारीवर केला. सोमवारच्या बाजारातली गवार आणि गुरुवारची गवार यांच्या लांबीत फरक आहे का, हे शेंगा मोडण्याआधी पट्टी लावून पाहिलं. पहिल्यांदा साफ चुकलं, कारण फरक आहेच असं धरून त्या मोजायला बसल्या होत्या. पुस्तक म्हणत होतं, आधी फरक नाही असंच धरा, मग इतका पुरावा जमवा की तसं धरून राहणं अवघड व्हावं. हे त्यांना चटकन पटलं. सासरी आल्यावर त्यांनी पहिली काही वर्षं दुसरं काय केलं होतं?

मग वामनरावांना कराडला बहिणीकडे धाडलं. ते असतानाचा तांदूळ, दूध, चहा, आणि ते नसतानाचा तांदूळ, दूध, चहा, असं सगळं मोजून त्या नगरपालिकेच्या फरक विभागातल्या लोखंडे साहेबांपुढे जाऊन बसल्या.

लोखंड्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "काकू, तांदळाचा फरक उणे अर्ध्या मुठीपासून अधिक अर्ध्या मुठीपर्यंत कुठेही असू शकतो. म्हणजे शून्य आत बसलंय, फरक मुळीच नसेलही."

"बसू दे की एका कोपऱ्यात."

"शून्य आत बसलं की आम्हाला तोंड उघडता येत नाही. ते नसताना भात किती लावलात?"

"नेहमीएवढाच."

"चहा?"

"दोन कप."

"दुसरा कोणी प्यायला?"

प्रभाताईंनी कागद पिशवीत सरकवला.

"काकू, तुम्ही त्यांना जाऊच देत नाही," लोखंडे हळू आवाजात म्हणाले. "इथे येणाऱ्या निम्म्या बायका हेच करतात, मग आकडे बिचारे काय करणार? आता खाण्यापिण्याचं परत चालणार नाही. दुसरं काहीतरी आणा. ही शेवटची खेप."

वामनराव पुन्हा कराडला गेले. प्रभाताईंनी सकाळी एकच कप मांडला, त्याच्याकडे बघून मनसोक्त रडल्या, डोळे पुसले आणि मोजायला लागल्या. शेजारणीशी बोलणं, देवळाच्या फेऱ्या, गुडघ्याची कळ, सगळं मोजलं. प्रत्येकात शून्य आत येऊन बसलेलंच. बदलली होती ती एकच गोष्ट. वामनराव नसताना प्रभाताईंना फार छान झोप लागत होती.

त्यांना स्वतःचाच राग आला. वामनराव परतल्यावर त्यांनी रोज ते किती वेळ घोरले आणि आपण किती झोपलो, याचे ठिपके मांडून पुस्तकात सांगितल्याप्रमाणे त्यांच्या मधून जाणारी रिग्रेशनची रेषा काढली. दर तासाच्या घोरण्यामागे त्यांची चाळीस मिनिटं झोप जात होती. ठिपके रेषेला असे चिकटून होते की शंकेला जागाच नव्हती. हा कागद नेणं म्हणजे भर कचेरीत नवऱ्याची शोभा करणं होतं. न नेणं म्हणजे काय, ते त्यांना पोस्टाच्या कोपऱ्यावर रोज दिसत होतं. त्यांनी पदर खोचला आणि कागदासकट नवऱ्यालाही घेऊन निघाल्या.

लोखंड्यांनी बोटाने आकडे तपासले. "ते घरी असले की तुमची झोप दीड ते अडीच तासांनी कमी. शून्य पार बाहेर आहे."

"पण हा फरक वाईट आहे हो," प्रभाताई पुटपुटल्या.

"चांगला की वाईट हे विचारलेलंच नाही, काकू. चाचणी दोन्ही बाजूंची आहे." त्यांनी दाखल्यावर शिक्का उमटवला.

वामनराव टेबलाची कड धरून उभे होते. "म्हणजे माझ्यामुळे..."

"पडतो," लोखंडे म्हणाले. "चांगला दणदणीत पडतो."

बाहेर आल्यावर प्रभाताईंना त्यांच्याकडे बघवेना. "मनाला लावून घेऊ नका हं."

"लावून कसलं घेतोय!" वामनरावांचा आवाज कित्येक महिन्यांनी चढला होता. "अडीच तासांपर्यंत! अगं, इतकी वर्षं कधी बोलली नाहीस."

"काय बोलायचं? तुम्ही घोरत होतात, म्हणजे तुम्ही होतात. तेवढं मला पुरत होतं."

दुपारी जेवून वामनराव आडवे झाले, आणि प्रभाताई घड्याळ घेऊन त्यांच्या उशाशी बसल्या, कारण दाखला एकाच वर्षाचा होता.