पिकअपची पुढची दोन चाकं

मच्छिंद्रने तिसऱ्यांदा ट्रॅक्टर लावून आमची पिकअप चिखलातून ओढून काढली आणि दोर सोडता सोडता तो म्हणाला, "सर, पुढल्या टायमाला घरनं निघतानाच फोन करत जा. म्हंजी मी आदीच ट्रॅक्टर चालू करून ठेवतो."

त्याच क्षणी मी ठरवलं. गाडीला फोर व्हील ड्राइव्ह करून घ्यायचं.

पिकअप खरं तर माझ्या बायकोच्या, प्रियदर्शनीच्या नर्सरीची. मांजरीत मच्छिंद्रच्याच जागेवर ती रोपं वाढवते. मी वाघोलीच्या एका कॉलेजात हेडक्लार्क. (मला 'सर' म्हणणारा मच्छिंद्र हा एकटाच माणूस, आणि तोही बहुतेकदा गाडी चिखलात असताना.) नर्सरीचा रस्ता उसाच्या दोन शेतांमधून जातो. पाणी सोडलं की निम्मं उसाला जातं, निम्मं रस्त्याला. मग गाडीची मागची चाकं जिवाच्या आकांताने गरगरतात आणि पुढची नुसती बघत बसतात. हा मला अन्याय वाटू लागला होता. (आमच्या ऑफिसातही असंच चालतं. पण तिथे मला कोणी विचारत नाही.)

"चारही चाकांना ताकद दिली की प्रश्न मिटला," मी घरी जाहीर केलं.

"अहो, त्यापेक्षा पाणी सोडतात त्या दिवशी जाऊ नका."

"मी कोणत्या दिवशी कुठे जायचं हे आता ऊस ठरवणार?"

"इतकी वर्षं मी ठरवत होते," प्रियदर्शनी शांतपणे म्हणाली, "तेव्हा नाही एवढा त्रास झाला तुम्हाला."

मी सरळ हडपसरला सर्जेरावांच्या गॅरेजमध्ये गेलो. त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. वीस वर्षं ब्रेक आणि क्लच करून कंटाळलेला माणूस होता तो. माझं बोलणं ऐकून त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"आधी केलंय का असं काम?" मी विचारलं.

"नाय. पण मनात लई होतं."

जुन्या जीपचा पुढचा अ‍ॅक्सल आणायचा, मधे एक जादा गिअरबॉक्स बसवायचा, ड्रायव्हरशेजारी एक जादा दांडा. दांडा ओढला की चारही चाकं फिरणार. "चार दिवसांत देतो," सर्जेराव म्हणाले. आरटीओच्या परवानगीचे अर्ज मी स्वतः तीन-तीन प्रतींत केले. (माझ्या बाजूने कामात चूक सापडणार नाही.)

चार दिवसांचे सात आठवडे झाले. रोज जेवताना मी "अजून दोनच दिवस" म्हणायचो आणि प्रियदर्शनी माझ्या पानात भाजी वाढायची. तेवढ्या काळात तिने भाड्याचा टेम्पो लावला आणि ड्रायव्हर दांड्या मारतो म्हणून तो स्वतःच चालवायला लागली.

अखेर एका शुक्रवारी संध्याकाळी गाडी मिळाली. सर्जेरावांनी बजावलं, "डांबरावर फोर लावायचं नाय हां. गिअरवर ताण येतो. चिखलात गेल्यावरच दांडा ओढायचा."

"तुम्ही ओढून पाहिलात ना?"

"गॅरेजात चिखल कुठनं आणू?"

हे उत्तर मला अगदी तर्कशुद्ध वाटलं.

शनिवारी वाघोलीच्या एका लग्नात पाहुण्यांना भेट द्यायला दीडशे तुळशी अकरापर्यंत पोचवायच्या होत्या. पहाटे अंधारात नर्सरीत आलो तेव्हा रस्त्याकडे लक्षच गेलं नव्हतं; सकाळी आठपर्यंत आम्ही गाडी भरली. प्रियदर्शनी शेजारी बसली. मी छाती काढून नर्सरीबाहेर पडलो आणि थक्क झालो. चिखलच नव्हता! सात आठवड्यांत मच्छिंद्रने भाऊबंदांना गाठून रस्त्यावर मुरूम टाकून घेतला होता. रस्ता कसा ठणठणीत! मच्छिंद्र आणि त्याची आई तुळजाबाई बांधावर उभे राहून माझ्याकडे बघत होते. सात आठवडे मी ज्या क्षणाची वाट पाहिली, तो एका मुरमाने हिरावून घ्यावा?

डावीकडे मच्छिंद्रचं ऊस तोडून नव्या सऱ्या पाडलेलं, नुकतंच भिजवलेलं शेत होतं. पाणी असं चमकत होतं की मला राहवेना.

"अहो, सरळ चला," प्रियदर्शनी म्हणाली.

मी डावीकडे वळलो.

"सर, तिकडं नगा! पाणी सोडलंय!" मच्छिंद्र ओरडला.

"म्हणूनच!" मी ओरडलो आणि दांडा ओढला.

गाडीच्या पोटातून काहीतरी कण्हल्यासारखा आवाज आला. गाडी थरथरली. तुळशी थरथरल्या. पण गाडी हलेना.

"आगं बया," तुळजाबाई बांधावरून म्हणाल्या, "म्होरली चाकं माघारी फिरत्यात की!"

"भास होतोय तुम्हाला!" मी काच खाली करून सांगितलं आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला. मागची चाकं पुढे जाऊ पाहत होती, पुढची मागे येऊ पाहत होती आणि दोघांच्या भांडणात गाडी खाली चालली होती. ही दिशा सर्जेरावांनी सांगितली नव्हती.

बंपर चिखलाला टेकल्यावर मच्छिंद्र खिडकीशी आला. "ट्रॅक्टर आणू का?"

"कशाला?"

"गाडी अडाकलीया."

"अडकलेली नाही. उभी आहे."

प्रियदर्शनीने चपला हातात घेतल्या, ओढणी कमरेला बांधली आणि उतरली. टेम्पोवाल्याला फोन केला. मग ती, मच्छिंद्र आणि तुळजाबाई हातोहात दीडशे तुळशी बांधावर नेऊ लागले. मी स्टिअरिंग घट्ट धरून समोर बघत बसलो. मदतीला उतरणं म्हणजे गाडी अडकली हे मान्य करणं होतं.

शेवटची तुळस गेल्यावर ती खिडकीशी आली. "मी निघतेय. तुमचं काय?"

"मी गाडीजवळ थांबतो."

"बरं. पाण्याची बाटली ठेवू, का खाली आहे तेवढं पुरेल?"

तुळशी अकराला दहा मिनिटं कमी असताना पोचल्या. सर्जेराव बारा वाजता पोचले. वाकून गाडीखाली बघितलं आणि म्हणाले, "सायेब, पुढच्या अ‍ॅक्सलच्या पोटातला गिअर उलट बाजूनं बसलाय. बाकी काम चोख आहे. चारही चाकं फिरतात. फक्त दोघांचं मत वेगळं पडलंय."

"ऐकलंस मच्छिंद्र?" मी ओरडलो. "चारही फिरतात!"

मच्छिंद्रने ट्रॅक्टर चालू केला.

घरी सगळ्यांचं एकच म्हणणं, ते लचांड काढून टाका. मी ठाम नकार दिला. सर्जेरावांनी गिअर सुलटा बसवला आणि पुढच्या बुधवारी मी पुन्हा त्याच शेतात, त्याच जागी गाडी घातली. दांडा ओढला. आणि काय सांगू, चिखल तुडवत, पाणी उडवत गाडी या बांधावरून त्या बांधावर गेली! मी उतरलो, कमरेवर हात ठेवले आणि मच्छिंद्रकडे विजयी नजरेने पाहिलं.

"सर," तो म्हणाला, "माजी सरी मोडली."

तरीही मी गाडीच्या मागच्या फळीवर लाल रंगात ठळक '४ × ४' रंगवून घेतलं. दुसऱ्या दिवशी वाघोलीला माल न्यायचा होता. मी किल्ली घ्यायला गेलो तर ती प्रियदर्शनीच्या हातात.

"टेम्पो चालवून माझा हात बसलाय," ती म्हणाली. "तुम्ही मागे बसा. जास्वंदी उंच आहेत, धरायला कोणीतरी पाहिजे."

नगर रोडच्या सिग्नलला मी जास्वंदींमध्ये उभा होतो. मागे तोंडाला स्कार्फ गुंडाळलेली एक स्कूटरवाली मुलगी फळीवरची अक्षरं वाचत होती.

"काका, खरंच फोर बाय फोर आहे?"

"म्हणजे काय! मी स्वतः करून घेतली!" मी दोन्ही हात उंचावून म्हणालो.

"मग चारांतलं एक तरी हलवायला सांगा ना. सिग्नल सुटलाय."

मी केबिनवर थाप मारली. प्रियदर्शनीने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"पुढची बस हलली की निघते. आणि अहो, खाली बसा. मघापासून आरशात तुमच्याशिवाय काही दिसत नाहीये."

मी बसलो. (पण ताठ.)