तुरीच्या धसकटांची लावणी

"हे शेवटचं प्रात्यक्षिक. हे झालं की बदली झालीच म्हणून समज," असं हृषीकेशने रविवारी बायकोला फोनवर छातीठोकपणे सांगून टाकलं. भार्गवीनेही जुळे सोलापुरातल्या फ्लॅटमधल्या कपाटाचा एक कप्पा लगेच त्याच्या शर्टांसाठी रिकामा केला. तीन वर्षं हा माणूस मंगळवेढ्यात भाड्याच्या खोलीत राहून एका अवजार कंपनीचं यंत्र गावोगाव दाखवत हिंडत होता. पीक निघाल्यावर रानात उरलेली धसकटं कुटायची आणि भुगा मातीत मिसळायचा, एवढंच त्या यंत्राचं काम. तेच भाषण दीडशे वेळा देऊन त्याला आताशा स्वतःचाच आवाज ऐकवत नव्हता.

शेवटच्या प्रात्यक्षिकाला खुद्द कंपनीचे विभागप्रमुख पंचाक्षरी साहेब येणार होते. त्यासाठी त्याने मानसिंग नावाच्या शेतकऱ्याचं रान हेरलं. नुकतीच काढलेली तूर आणि ट्रॅक्टरचं टायर फोडतील अशी टणक धसकटं. मानसिंगच्या आईला, सारजाबाईंना, तो आठवड्यापूर्वीच सांगून आला होता, "मावशी, मोठे साहेब येणार आहेत. रानाकडे जरा लक्ष असू द्या."

तिथेच माती खाल्ली.

सोमवारी नऊ वाजता तो यंत्र घेऊन पोचला, तर रान नुकत्याच केलेल्या हजामतीसारखं गुळगुळीत. औषधालाही धसकट नाही. बांधाजवळ मंडप, मंडपापुढे सडा, सड्यावर रांगोळी. आणि कडेला धसकटांचा भलामोठा ढीग.

"मावशी, हे काय केलंत?"

"पावनं येनार म्हनून रान झाडून घेतलं की. केरात कुनी पावन्याला बसवतं व्हय? चार दिस आठ बाया खपल्या. चुलीला जळान बी झालं."

"अहो, पाहुणे तो केरच बघायला येणार आहेत!"

सारजाबाईंनी त्याच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. हृषीकेश बांधावर बसला. साहेब अकराला येणार होते. त्याला तो रिकामा कप्पा दिसायला लागला आणि खरंच रडू आलं.

"रडताय कशापायी, सायेब?" सारजाबाईंनी पदर खोचला. "उपटलं आमीच, लावतो बी आमीच की."

आणि मंडपासमोर धसकटांची लावणी सुरू झाली. दोरी धरून, वीतवीत अंतरावर, आठ बाया ओणव्या होऊन पुढे सरकत होत्या. मागून सारजाबाई प्रत्येक धसकटाच्या बुडाशी तांब्याने पाणी घालत होत्या.

"मावशी, पाणी कशाला?"

"लावल्यावर पानी नगं व्हय? वाळून जातील की."

"ती वाळलेलीच आहेत."

"तरी पन."

हृषीकेश गुमान दोरीचं टोक धरायला गेला.

पंचाक्षरी साहेब बरोबर अकराला आले आणि आल्या आल्या पहिल्या ओळीपाशी उकिडवे बसले. "ओळी काय सरळ आहेत हो."

"मानसिंग पेरणीला फार काटेकोर, साहेब."

साहेबांनी चिमूटभर माती उचलून दाबली. "फेब्रुवारीत ही ओल?"

हृषीकेशने डोळे मिटले. "गेल्या वर्षीचा भुगा मातीतच मिसळलाय, साहेब. ओल धरून ठेवतो."

मानसिंगने घाईघाईने ट्रॅक्टर सुरू केला. धसकटांना मातीत धरून ठेवणारं काहीच नव्हतं, त्यामुळे यंत्राने ती पापडासारखी खाल्ली. टाळ्या पडल्या, फोटो निघाले. मंडपात भाकरी आणि शेंगाचटणीची ताटं आली. सारजाबाई साहेबांना वाढताना बराच वेळ काहीतरी सांगत होत्या. हृषीकेशचं तिकडे लक्ष नव्हतं. तो मनातल्या मनात शर्टांच्या घड्या घालत होता.

हात धुऊन साहेब त्याच्याजवळ आले. खिशातून एक कागद काढून त्यांनी त्याला दाखवला. "ही तुमची सोलापूरची बदली. द्यायलाच आणली होती." मग त्यांनी तो कागद घडी घालून परत खिशात ठेवला. "पण असं रान मी जिल्ह्यात पाहिलं नाही. तुम्हाला इथून हलवणं म्हणजे पाप. या मावशींनी तर वचनच घेतलं माझ्याकडून. अजून तीन वर्षं तुम्ही इथंच."

"मीच म्हनलं त्यास्नी," सारजाबाईंचा चेहरा आनंदाने फुलला होता. "लई गुनाचा हाय, ह्येला न्हेऊ नगा."

तेवढ्यात भार्गवीचा फोन आला. "झालं का? कसं झालं?"

"फार छान झालं," हृषीकेश म्हणाला. "त्या कप्प्यात तुझ्या साड्या ठेव."