खाली सुर्वेकाका असतात

सुर्वेकाका मला पहिल्यांदा दिसले तेव्हा ते दोन्ही हात वर करून उभे होते.

मी आणि आई उल्हासनगरचं भाड्याचं घर सोडून बदलापूरला शिरगावात राहायला आलो, त्याच्या दुसऱ्याच दिवसाची गोष्ट. सकाळी दुसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत कपडे वाळत घालत होते. सहज खाली बघितलं, तर बरोबर माझ्या खाली एक साठीचा, काटकुळा माणूस. पाय फाकलेले, गुडघे जरासे वाकलेले, तळवे आभाळाकडे आणि डोळे माझ्यावर. हलत नाही, बोलत नाही. हातातला चिमटा सुटला. त्यांनी तो माझ्यावरची नजर न काढता झेलला.

"मॅडम, तुमचा तोल डावीकडे जातो," ते म्हणाले. "जरा आतून वाकत जा."

"तुम्ही कोण?"

"बी विंगमधला सुर्वे. चालू द्या तुमचं. मी आहे खाली."

आता मला सांगा, अशा माणसाला काय उत्तर द्यायचं? ओली चादर तशीच बादलीत टाकून मी आत पळाले.

पुढे कळलं की हे फक्त माझ्यासाठी नव्हतं. कुणीही उंचावर चढलं की सुर्वेकाका खाली हजर. केबलवाला शिडीवर, काका खाली. नारळ काढणारा झाडावर, काका खाली. हाक नाही, खाकरणं नाही. माणसाने सहज मान वळवावी आणि हात वर केलेला हा पुतळा दिसावा. सोसायटीचं रंगकाम चालू होतं तेव्हा एक रंगारी अर्ध्यात काम टाकून निघून गेला. सेक्रेटरीला म्हणाला, "साब, वो आदमी नीचे से ऐसे देखता है जैसे मेरा टाइम आ गया."

त्यांच्या भाचीच्या लग्नात मित्रांनी नवरदेवाला खांद्यावर उचललं, तेव्हा काका त्याच्या पाठीमागे जाऊन उभे राहिले. अल्बम मी स्वतः बघितलाय. हार घालतानाच्या एकूण एक फोटोत मागे पोलिसांनी पकडल्यासारखा हात वर केलेला एक गंभीर माणूस आहे. भाचीच्या सासूने विचारलं म्हणे, हे कोण, आणि ह्यांना झालंय काय?

तर झालं होतं ते असं. काका अंबरनाथच्या एका कारखान्यात स्टोअर्समध्ये ऑफिसर होते, पण मनाने ते सायकल ट्रायल्सवाले. हा खेळ मला त्यांनीच समजावला. सायकलला सीटच नसते. "बसायचंच नाही, तर सीट कशाला?" लाकडी खोकी, सिमेंटचे पाइप, केबलचे रिकामे ड्रम, मोठाले दगड ह्यांच्यावरून सायकल उड्या मारत न्यायची. पाय टेकला की एक गुण, आणि इथे गुण वाईट. ज्याचे कमी तो जिंकला. पाच झाले की त्या अडथळ्यात तुम्ही बाद.

काकांनी स्वतः कधी पेडल मारलं नाही. ते कॅचर. रायडर उंचावर गेला की खाली हात वर करून उभा राहतो, तो कॅचर. आणि त्यात गंमत अशी, की रायडर खरंच पडायच्या आधी कॅचरचं बोट जरी लागलं, तरी रायडर बाद.

"म्हणून हात लावायचा नाही," काका सांगत. "हात असू द्यायचे."

हे वाक्य त्यांना कुठेही चालायचं. सेक्रेटरी दहावीतल्या मुलावर ओरडत असले की काका जिन्यातून म्हणणार, "हात लावू नका हो. असू द्या फक्त." बिचाऱ्या सेक्रेटरींनी मुलाला चापटसुद्धा मारलेली नसायची.

परदेशातल्या स्पर्धा ते मोबाइलवर बघत. पण रायडरकडे त्यांचं लक्षच नसे. "हा बघ, खिशात हात! ह्याला कुणी आणलं?" असं त्या लांबच्या देशातल्या कॅचरवर खेकसत. आणि मधूनच समाधानाने म्हणत, "आमची रायडर ह्याच्यापेक्षा बरी. मागच्या चाकावर अशी उभी राहते, की तू चहा पिऊन ये."

मला वाटलं, असेल पुतणी-बितणी. "कुठे असते?" एकदा विचारलं. काकांनी कुंपणाच्या भिंतीकडे बघितलं आणि विषय बदलला.

एका रविवारी ते मला उल्हासनगरला स्पर्धा बघायला घेऊन गेले. एका सिंधी सायकलवाल्या शेठने मैदानावर भरवली होती. काका प्रत्येकाच्या खाली उभे राहत होते, आणि पोरांचे स्वतःचे कॅचर मुकाट्याने बाजूला सरत होते. शेठ मला म्हणाला, "साईं खड़े हैं तो अपने को टेन्शन नहीं." छान चाललं होतं सगळं. शेवटचा रायडर उतरला, बक्षिसं झाली, पोरं सामान आवरायला लागली. तेव्हा काका सगळ्यात उंच ड्रमापाशी गेले आणि हात वर केले.

ड्रमावर कुणी नव्हतं.

काका एक पाऊल सरकले. थांबले. अजून एक पाऊल. मान हळूहळू वळत होती, वरून कुणीतरी चालल्यासारखी. मैदानावरचा आवाज बंद झाला. हातात हेल्मेटं घेऊन पोरं जागच्या जागी उभी राहिली. मग काकांनी हात खाली घेतले, आणि लगेच टेम्पोत खोकी चढायला लागली, जसं काही झालंच नाही.

"कोण राहिलं होतं?" मी शेठला विचारलं.

"चाय लो, मॅडम," शेठ म्हणाला.

मग माझ्या लक्षात आलं, की हे आमच्याकडे रोजच चालतं. संध्याकाळी पाच वाजता काका खाली येत आणि कुंपणाच्या भिंतीलगत ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत हात वर करून सरकत. भिंत रिकामी. आमची सोसायटी पार्किंगसाठी एकमेकांच्या जिवावर उठणारी, पण त्या भिंतीलगतचा पट्टा कायम मोकळा. मी नवीन असताना तिथे स्कूटी लावली होती. सकाळी बघते तर कुणीतरी ती अलगद उचलून बाजूला ठेवलेली. वॉचमनला विचारलं तर म्हणाला, "वहाँ नहीं लगाते." का, ते सांगेना. आणि हो, सुट्टीच्या दिवशी तिथे क्रिकेट खेळणारी कार्टीसुद्धा पाच वाजले की स्टंप उचलत.

मी कुणाच्या बापाला घाबरत नाही. पण त्या वेळी बाल्कनीत जायचं टाळायला लागले.

आई मात्र तिथेच बसायची. आईला विसर पडायला लागला होता. बऱ्याचदा तिला वाटे, आपण जांभूळला माहेरीच आहोत, आणि समोर अंगण आहे. एके दिवशी ती मला म्हणाली, "पोरगी पडंल गो ती."

"कोण पोरगी?"

"ती काय, भिंतीवर. बिनबसायची सायकल घेऊन. लाल रिबिनीची येणी घातलेली."

मी बघितलं. खाली सुर्वेकाका हात वर करून सरकत होते. भिंतीवर कावळासुद्धा नव्हता. आता, बिनसीटच्या सायकलचं मीच आईला कधीतरी सांगितलं असेन. एक माणूस भिंतीकडे बघत सरकतोय म्हटल्यावर उरलेलं चित्र तिने मनानेच पूर्ण केलं असेल. हे सगळं मला कळतं. पण लाल रिबीन?

मी तडक खाली गेले. "काका, हे तुमचे चाळे बंद करा! माझ्या आईचं डोकं आधीच ठिकाणावर नाही. तिला आता भिंतीवर मुली दिसायला लागल्यात."

काकांचा चेहरा पांढराफटक पडला.

"आजींना दिसली?" ते म्हणाले. "पाय टेकला का तिने?"

मी तशीच वर आले, बाल्कनीचा पडदा ओढला आणि त्यांच्याशी बोलणं सोडलं.

आईला सांभाळणारी बाई दुपारी लवकर निघायची. मी अंबरनाथहून ऑफिस सुटून येईपर्यंत मध्ये थोडा वेळ आई एकटी, दाराला बाहेरून कुलूप. बाल्कनीला ग्रिल बसवायचं होतं, पण ग्रिलवाला आज येतो, उद्या येतो, करत होता. त्या दिवशी मी गेटमधून आत शिरले तेव्हा पाच वाजून गेले होते. भिंतीजवळ कुणी नव्हतं. असं कधीच व्हायचं नाही. काका आमच्या बाल्कनीखाली उभे होते, पहिल्या दिवशी होते तसेच.

मी वर बघितलं. आई स्टुलावरून कठड्यावर चढली होती. एक पाय बाहेर.

किंचाळायला तोंड उघडलं, तेवढ्यात काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "ओरडू नकोस. दचकली तर बाहेर येईल. वर जा. धरायला धावू नकोस. हात लावू नकोस. नुसती जवळ उभी राहा." आणि मग वर बघून, अगदी चहा-पाण्याच्या आवाजात, "आजी, पुढे जागा नाही. मागे आहे. वजन मागे घ्या. घाई नाही आपल्याला."

"अंगणात जातेय," आई म्हणाली. "पोरीला चहाला बोलावते."

"बोलवू ना. आधी वजन मागे."

मी जिना कसा चढले, कुलूप कसं काढलं, देवाला ठाऊक. आईच्या मागे जाऊन उभी राहिले. माझे हात तिच्या दोन्ही बाजूंना, पदराला लागतील न लागतील असे. आयुष्यात इतकं अवघड काम मी केलेलं नाही. आतून सगळा जीव म्हणत होता, धर, ओढ. खालून आवाज येत होता, "अजून नाही. आजी, छान. आता तो पाय. सावकाश." आईने पाय आत घेतला.

"आता धर," काका म्हणाले.

मी आईला मिठी मारून फरशीवरच बसले आणि ओक्साबोक्शी रडले. आई माझ्या डोक्यावरून हात फिरवत विचारत होती, "कुणी मारलं गो तुला?"

आईला आत बसवून, बाल्कनीचं दार लावून मी खाली आले. काका तसेच उभे होते. हात वर.

"काका, आई आत आहे. हात घ्या खाली."

"येत नाहीत गं," ते म्हणाले. खरंच येत नव्हते. खांदे आखडले होते. किती वेळ उभे होते कोण जाणे. मी एकेक हात धरून हळूच खाली आणला आणि त्यांना वर घेऊन आले.

चहा झाला. आई पलंगावर बसून बशीत बिस्कीट बुडवत होती. काका आपणहून बोलले.

"रसिका. माझी मुलगी. तिची आई लवकर गेली, मग आम्ही दोघंच. ह्याच भिंतीवर सराव करायची. पाचला."

"पडली?" मी विचारलं.

"छे!" काका एकदम ताठ झाले, जणू मी शिवी दिली. "पडून नाही गेली. तापात गेली. पडली असती तर मी होतो ना खाली!"

मी बिस्किटांचा पुडा त्यांच्यापुढे सरकवला.

"हॉस्पिटलात मी हात सोडलाच नाही तिचा," ते म्हणाले. "तिथे कोण बाद करणार होतं? घट्ट धरून बसलो. काही उपयोग झाला नाही."

माझ्याखेरीज सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून पट्टा मोकळा होता, म्हणून मैदानावर पोरं थांबली होती. आणि मी त्यांना चाळे बंद करा म्हटलं होतं.

काका चहाचा रिकामा कप हातात फिरवत होते. अस्वस्थ दिसत होते, नजर सारखी बाल्कनीच्या दाराकडे.

"आज तिला सांगितलं, थांब जरा, आजींकडे जाऊन येतो," ते हळू आवाजात म्हणाले. "पण ती कुठली ऐकायला. आज वर एकटीच होती. खाली कुणी नव्हतं." त्यांनी आईकडे बघितलं आणि लगेच मान खाली घातली. विचारायचं होतं, पण माझ्यासमोर तोंड उघडत नव्हतं.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. आजही नाही. पण त्यांच्यासाठी मीच विचारलं.

"आई, भिंतीवरची ती पोरगी. आज पडली का गं?"

आईने बिस्कीट तोंडात टाकलं, सावकाश चावलं, आणि दुसरं बशीत बुडवत म्हणाली, "नाय गो. आज एकदापण पाय नाय टेकला तिनं."

सुर्वेकाकांनी कप खाली ठेवला आणि दोन्ही हात मांडीवर घेऊन बसून राहिले.