गव्हाणे सरांची सोमवारची बाटली

आमचे गव्हाणे सर दर सोमवारी स्वतःची लघवी बाटलीत भरून वर्गात आणतात. नाक मुरडू नका; शेजारच्याच खोलीत मी डबा खाते, मला विचारा.

परभणीत लॅब टेक्निशियन घडवणारं आमचं छोटंसं कॉलेज आहे. मी रक्ताच्या तपासण्या शिकवते, सर औषधं शिकवतात. पुस्तकावर त्यांचा फारसा भरवसा नाही. रविवारी एखादी गोळी गिळायची आणि सोमवारी बाटली टेबलावर ठेवायची. "वळखा, काय खाल्लं म्या?" पिवळीजर्द निघाली की बी-कॉम्प्लेक्स. "गोळी लपत न्हाई लेकरांनो. गुडघ्यासाठी स्टेरॉइड खाणाऱ्या आजीची साखर वाढलेली निघती, अन् आपून तिला मधुमेही ठरवून मोकळे. आधी इचारा, मग सुई टोचा."

हे विचारणं त्यांच्या अंगातच भिनलंय. रिक्षावाला असो की प्राचार्य, नमस्काराआधी प्रश्न: "गोळी कोणती चालू हाय? उपाशीपोटी घेता का जेवून?" आमच्या शिपायाच्या लग्नात त्यांनी स्टेजवर नवरदेवालाच हे विचारलं. नवरीच्या मामाला समजावता समजावता आमची जेवणाची पंगत हुकली.

यंदा दिवाळीनंतर सर गायब झाले. फोन केला तर म्हणाले, "सोनपेठला हाय, गावाकडं. तूर बघायलोय." परतले ते पार वाळून. पूर्वी माझ्याच कपातला अर्धा चहा हक्कानं ओतून घ्यायचे; आता स्वतःचा पेला घेऊन खिडकीशी उभे. डब्यालाही हात लावेनात. तूर बघून माणूस मोठा झाला असेल, म्हटलं. खोटं कशाला बोलू, मला राग आला होता.

मग एका सोमवारी मायक्रोस्कोप न्यायला मी त्यांच्या वर्गात गेले, तर टेबलावर लालसर नारंगी बाटली. पोरांनी बीट म्हणून पाहिलं, गाजराचा हलवा म्हणून पाहिलं. शेवटी पूर्णेची सविता उठली. "सर, रिफॅम्पिसिन. टीबीची गोळी."

"शाब्बास."

वर्गानं टाळ्या वाजवल्या. सरांनी आपल्यासाठी यावेळी जरा भारीतली गोळी गिळली, असंच पोरांना वाटलं. मला मात्र एकदम ती तूर आठवली आणि खिडकीशी नेलेला तो वेगळा पेला.

पोरं गेल्यावर मी दार लोटलं. "सर, सांगितलं का नाही?"

"आता धोका न्हाई कुणाला. थुंकीचा रिपोर्ट चांगला आलाय, डाक्टरनं तसं लिहून दिलंय."

"ते नाही विचारलं मी."

सर बाटलीचं झाकण उगाचच घट्ट करत राहिले. "मंडळी गेल्यापासून घरी कोण हाय? आमी समद्यांला इचारतो, मॅडम. आमाला कुणी इचारतच न्हाई. मग म्हणलं, पोरांलाच वळखू द्यावं."

चहा आला तेव्हा मी त्यांचा पेला ओढला आणि माझ्या कपातला अर्धा त्यात ओतला. डबा उघडून मधे ठेवला.

"आजची गोळी घेतली? उपाशीपोटी का जेवून?"

सर खिडकीशी न जाता खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले.

"उपाशीपोटी," म्हणाले, आणि माझ्या डब्यातली भाकरी मोडून घेतली.