गुडघे वर, कादंबरी खाली

साहित्य महोत्सवाचे कार्यक्रम आखणं हा माझ्या डाव्या हाताचा मळ आहे, असं मी समितीच्या बैठकीत ठोकून दिलं. समितीने ते खरं मानलं आणि मला कार्यक्रमप्रमुख केलं.

माझा सगळा जीव एका लेखिकाबाईंच्या मुलाखतीत अडकला होता. बाई लिहितात झकास, पण लाजाळू इतक्या की फोन उचलला तरी आधी माफी मागतात. मागे एकदा त्यांच्या मुलाखतीनंतर 'कोणाला काही विचारायचंय?' असं म्हटल्यावर सभागृहात फक्त पंख्याचा आवाज आला होता. तेव्हापासून त्यांनी व्यासपीठाचा धसकाच घेतलेला. खूप मनधरणी केल्यावर म्हणाल्या, "येते. पण या वेळीही कोणी काही विचारलं नाही, तर मी पुन्हा कुठेच जाणार नाही."

मी धोका पत्करते होय! आत्या, नवरा, सासरे, जाऊबाई, सगळ्यांना कामाला लावलं. बाईंच्या कादंबरीची नायिका घर सोडून पायी निघते. त्यावरचा एकेक प्रश्न प्रत्येकाला वाटून दिला आणि घोकून घेतला. कादंबरी त्यांच्यापैकी कोणीच वाचली नव्हती. सासरे तर प्रश्न झोपेत बडबडतात, अशी सासूबाईंची तक्रार होती.

बाईंची मुलाखत तळमजल्यावर आणि त्याच वेळी वरच्या मजल्यावर एका हाडांच्या डॉक्टरांचं गुडघेदुखीवर व्याख्यान, अशी मी आखणी केली. कागदावर ती फार देखणी दिसत होती. मग ऐन वेळी लिफ्ट बंद पडली.

डॉक्टरांना ऐकायला आलेल्या मंडळींनी जिन्याकडे पाहिलं, एकमेकांकडे पाहिलं आणि 'डॉक्टरच येतील खाली' म्हणत तळमजल्यावरच बैठक मारली. हे मला नंतर कळलं. मी तेव्हा पडद्यामागे बाईंना पाणी पाजत होते. पडदा सरकला तर सभागृह खच्चून भरलेलं! मला धन्य धन्य वाटलं.

मुलाखत झाली. प्रश्न मागवले. पहिल्या रांगेतल्या आजींनी हात वर केला.

"जिना उतरताना माझ्या गुडघ्यात कळ येते. चढताना नाही. असं का?"

माझ्या तोंडचं पाणी पळालं. बाई म्हणाल्या, "मलाही उतरतानाच येते हो."

"पण तुमची ती नायिका एवढी चालते, तिचे नाही दुखत?" मागून एक आजोबा.

"दुखतात ना. म्हणून तर ती डोंगराच्या पायथ्याशी मुक्काम करते."

"पट्टा बांधायला हवा होता तिने."

"ते मला सुचलंच नाही," बाई हसल्या. मग कोणी नायिकेला शेक सुचवला, कोणी चपला बदलायला सांगितल्या. बाई खुर्चीच्या टोकाशी सरकून प्रत्येकाशी बोलत होत्या. त्यांना असं बघून मला भरून आलं.

पण माझी माणसं कुठे होती? मी धावत वर गेले. रिकाम्या सभागृहात डॉक्टर घाम पुसत उभे होते आणि समोर माझं अख्खं सासर-माहेर.

"तुमची नायिका शेवटी घरी परत का येत नाही?" सासरे विचारत होते.

"कोण नायिका?" डॉक्टर.

"तुम्हीच लिहिलीत ना? मग आम्हाला काय विचारता?" आत्या कडाडली. मला बघून म्हणाली, "अगं, खाली पाय ठेवायला जागा नव्हती. इथे हे बिचारे एकटेच होते."

डॉक्टरांची माफी मागून सगळ्यांना खाली आणलं. बाईंनी माझे दोन्ही हात धरले. "आयोजक आपल्याच घरची माणसं पढवून बसवतात, ते मला लगेच कळतं. आज एकही प्रश्न पढवलेला नव्हता!"

"छे छे, आमच्याकडे तसलं चालतच नाही," मी म्हणाले.

आत्या पुढे झाली. "माझा राहिलाच की. तुमची नायिका निघताना दिवा चालू का ठेवते?"

बाईंचे डोळे भरून आले. "इतक्या बारकाईने वाचलंत तुम्ही?"

"वाचतंय कोण? हिने पाठ करून घेतलाय. सगळ्यांना एकेक दिलाय."

बाई इतक्या हसल्या की त्यांना खुर्ची द्यावी लागली. मग त्यांनी आमच्या घरच्यांना रांगेत उभं करून सगळे प्रश्न विचारायला लावले आणि मनापासून उत्तरं दिली. पुढच्या वर्षी यायचंही आनंदाने कबूल केलं. अट एकच घातली.

कार्यक्रम आत्याने आखायचे.